पितळी काडतुसाचें तोंड व त्यावरील चिरा

गंगापूर रोडवर राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या आजोबांच्या शिकारी पेटींतील सात रिकामीं पितळी काडतुसें आम्हांस पाहावयास दिलीं. पैकीं पांचांच्या तोंडापासून खालीं उभी चीर गेलेली असून दोन मात्र अगदीं धड आहेत. चिरलेल्यांची धातु कोठेंहि झिजलेली नाहीं. चिरेच्या दोन्ही बाजूंस ती पूर्वींइतकीच जाड आहे. "जुनी पितळ, पावसाळ्यांत फुटायचीच," असें त्या घरांत सांगतात. परंतु सातहि काडतुसें एकाच वयाचीं व एकाच पेटींतलीं. मग दोन धड कां राहिलीं? अशा वस्तु संग्राहकांकडे वरचेवर येतात व त्यांवरून मालाच्या कमअस्सलपणाविषयीं वाटेल तीं अनुमानें निघतात, म्हणून याचा उलगडा करणें अवश्य वाटतें.

काडतूस हा शब्द आपणांकडे पोर्तुगीजांकडून आला, व त्याच्या मुळाशीं कागद या अर्थाचा शब्द आहे. १८५७ सालीं ज्या काडतुसांवरून रणें माजलीं तीं कागदाचींच होतीं. १८६६ सालीं इंग्रजी सैन्यानें स्वीकारलेल्या स्नायडर बंदुकीच्या काडतुसास पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी असे. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीसहि प्रथम तसेंच काडतूस होतें. सुदानच्या मोहिमेंत (१८८४-८५) हीं गुंडाळीचीं काडतुसें बंदुकींत अडकूं लागलीं, आणि तेव्हांपासून एकसंध पितळेचें, ठशांतून ओढून काढलेलें नळकांडें रूढ झालें. आमचा विषय या नळकांड्याचा आहे.

त्याची पितळ म्हणजे शंभरांत सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त. अमरकोशांत पितळेस रीति व आरकूट अशीं नांवें आहेत. रसरत्नसमुच्चयांत तर तापवून कांजींत टाकली असतां तांबूस होते ती रीतिका व काळी पडते ती काकतुंडी, असा भेद केलेला आहे. या धातूचा एक गुण नाशिकच्या तांबटांस पुस्तकांवांचून ठाऊक आहे. ती मठारीत गेलें कीं ताठर होत जाते. आणखी ठोकली तर तडकते. म्हणून तांबट ती मधून मधून तापवितो. लोहार तापलेलें पोलाद पाण्यांत बुडवितो तें कडक व्हावें म्हणून. पितळ मात्र तापविल्यानें मऊ होते, मग ती पाण्यांत विझवा कीं वाऱ्यावर निवूं द्या.

काडतुसाचें तळ जाड व तोंड पातळ असतें. गोळी घट्ट धरावी म्हणून तोंड आवळलेलें असतें. बार उडतांना तें फुगतें. पुन्हा भरावयाचें तर ठशांत घालून परत आवळावें लागतें. असें दोनचार वेळां झालें कीं तोंड ताठर होतें व त्या कड्यांत ताण कोंडून राहतो. याकरितां जाणते लोक तोंड तेवढें तापवून मऊ करीत. काडतुसें थाळ्यांत उभीं करून निम्म्या उंचीपर्यंत पाणी घालावयाचें, वरून ज्योत द्यावयाची, आणि रंग पालटतांच आडवीं पाडावयाचीं. पाण्याचें प्रयोजन निवविण्याहून तळ वांचविण्याचें अधिक. कारण बाराचा सारा दाब तळावर येतो, तें मऊ झालें तर बंदूक धरणाराच्या जिवावर बेतावयाचें. मग तोंड ठशांतून आवळून, वाढलेली लांबी कापून, कडा आंतूनबाहेरून किंचित् खरवडीत, म्हणजे गोळी बसतांना तिची साल निघत नसे. (हा उद्योग परवान्यावांचून करतां येत नाहीं, १८७८ च्या कायद्याच्या जागीं १९५९ चा शस्त्रकायदा आला, तरी ती अट कायम आहे.)

आतां चिरांकडे वळूं. हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेची काडतुसें पावसाळ्यांत सांठवणींतल्या सांठवणींत, बार न उडतांच, तोंडाशीं फुटत. दोष बराच काळ ऋतूवर गेला, व इंग्रजींत या विकृतीचें नांवहि ऋतुवाचकच पडलें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं तिची उपपत्ति लाविली. काडतुसें ठेवलेल्या पागांतून घोड्यांच्या मूत्राचा अमोनिया वायु निघे. कल्हई करतांना नवसागर टाकला कीं नाकाला झोंबतो तोच हा. पावसाळी दमट हवेंत तो पितळेवर बसतो व धातूच्या कणाकणांतील सांध्यांत शिरतो. मात्र धातूंत ताण कोंडलेला असेल तरच सांधा उकलतो. ताण, ओल व अमोनिया हीं तिन्ही एकत्र यावीं लागतात. एकट्या पावसाच्या अंगीं हें सामर्थ्य नाहीं. यावरचा उपायहि त्यांनीं ताणावरच योजिला: बेताच्या उष्णतेनें ताण घालवावा, म्हणजे धातूचा कणखरपणा न जातां ती चिरत नाहीं.

आमच्या स्नेह्यांची पेटी पूर्वीं गांवच्या घरीं गोठ्यावरील माळ्यावर असे. गोमूत्रांतूनहि तोच वायु निघतो, तेव्हां घोड्यांचेंच नांव घेण्याचें कारण नाहीं. सातहि काडतुसांचीं तोंडें पुन्हा भरण्यासाठीं आवळून ठेविलेलीं आहेत. परंतु जीं दोन धड राहिलीं त्यांच्या तोंडालगत निळसर-तपकिरी झांक स्पष्ट दिसते; ती तापविल्याची खूण होय. उरलेल्या पांचांवर तिचा मागमूस नाहीं. आजोबांनीं तीं तापविण्याचा कंटाळा केला असावा, किंवा तें काम मागाहून करावयाचें म्हणून राहिलें असावें.

लष्करी काडतुसांवर ही झांक बहुधा तशीच ठेवीत. विक्रीच्या मालावरून ती पुष्कळदां घांसून काढीत. संग्राहकांनीं ती डाग समजून चिंचेनें वा राखेनें घालवूं नये, आणि अमोनियाचा वास येणारीं द्रव्यें तर आवळलेल्या पितळेजवळ आणूंच नयेत. आमच्या स्नेह्यांनीं काडतुसें लखलखीत करण्याकरितां अशीच एक बाटली आणून ठेविली होती. ती आम्हीं परत पाठविली आहे.