कुंडीतला वड

बंगळूरुच्या बसवनगुडी भागात नव्याने राहावयास आलेल्या माणसाचे लक्ष प्रथम वेधून घेतात ती येथील झाडे. १८९८ च्या प्लेगनंतर विस्तारत गेलेली ही जुनी वसाहत. एका अंगाला लालबाग, मध्ये फुलांच्या राशींनी भरलेला गांधी बाजार आणि टेकाडावर नंदीचे प्राचीन मंदिर. या मंदिराजवळच ‘ब्यूगल रॉक’ नावाचा खडक आहे. भूवैज्ञानिक त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे सांगतात. सकाळी तेथे फिरावयास गेले की, खडकाच्या आधाराने वाढलेली जुनी झाडे दिसतात. माती थोडी आणि दगड फार, तरीही झाड खंबीरपणे उभे. मर्यादित जागेत वाढूनही डौल न हरवलेले असे झाड पाहूनच कोणे एके काळी माणसाला ते घरी, आपल्या अंगणात असावे असे वाटले असेल. बोन्साय कलेचा उगम याच इच्छेत आहे.

माझा या कलेशी संबंध मात्र एका अपयशातून जुळला. बदलीच्या वेळी सहकाऱ्यांनी निरोपाची भेट म्हणून नांदरुकाचा एक सुंदर बोन्साय दिला. ‘जपा बरं का’, असे सर्वांनी बजावले. ते मी इतके मनावर घेतले की, ऊन लागू नये म्हणून कुंडी दिवाणखान्यातील कपाटावर ठेवली आणि रोज सकाळी न चुकता अर्धा पेला पाणी घातले. दीड महिन्यात पाने गळाली. आणखी पंधरा दिवसांनी खोड नखाने खरवडून पाहिले, तेव्हा सालीखाली हिरवेपणा उरलेला नव्हता. झाडाकडे माझे दुर्लक्ष मुळीच झाले नव्हते. काळजी घेतली होती, पण चुकीची घेतली होती.

त्यानंतर बसवनगुडीतीलच एका घराच्या गच्चीवर रविवारी सकाळी भरणाऱ्या प्रात्यक्षिक वर्गात मी नाव घातले. आम्ही नऊ विद्यार्थी होतो. संगणक क्षेत्रातील तरुण होते, गृहिणी होत्या, एक निवृत्त शिक्षक होते आणि तंजावरी वळणाचे मराठी बोलणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. आजींनी येताना यजमानांनी तीस वर्षे वाढविलेला चिंचेचा बोन्साय सोबत आणला होता. यजमान गेल्यापासून झाड खंगत चालले होते. ‘ते असते तर विचारले असते. आता कोणाला विचारू?’ एवढेच त्या म्हणाल्या.

बोन्साय म्हणजे काय?

‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणे. शब्द जपानी असला तरी कला मूळची चीनमधील. तांग घराण्यातील राजपुत्र झांगह्वाय याच्या समाधीतील, इ. स. ७०६ च्या सुमाराच्या भित्तिचित्रात तबकातील चिमुकली झाडे घेऊन जाणारे सेवक दिसतात. पुढे ही कला जपानमध्ये गेली आणि तेथे तिला शिस्तीचे रूप आले. १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक बोन्साय-व्यावसायिक १९२५ पासून जवळच्या ओमिया गावी स्थायिक झाले. ते गाव आजही बोन्सायसाठी ओळखले जाते.

बोन्साय ही झाडाची बुटकी जात नव्हे, ही गोष्ट वर्गात पहिल्याच दिवशी सांगितली गेली. बंगळूरुजवळ केतोहळ्ळी येथे ‘दोड्ड आलद मर’ म्हणजे ‘मोठा वड’ आहे. सुमारे ४०० वर्षांचा हा वृक्ष जवळपास ३ एकर जागा व्यापून आहे. कुंडीतला वड आणि हा वड यांची जात एकच. कुंडीतले झाड उद्या जमिनीत लावले, तर तेही आकाशाला भिडू पाहील.

मग ते लहान कसे राहते? झाडाला उपाशी ठेवून, हा लोकांचा समज चुकीचा आहे. बोन्सायला खत लागते, पाणी लागते आणि ऊन तर भरपूर लागते. झाडाच्या शेंड्यात ‘ऑक्झिन’ नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते व झाड उंच जात राहते. शेंडा खुडला की हा दाब दूर होतो आणि बाजूचे डोळे फुटतात. वाढ थांबत नाही, तिची दिशा बदलते. त्याच वेळी मुळे उथळ कुंडीत मर्यादित राहिल्याने पाने व पेरे आखूड होत जातात. फुले आणि फळे मात्र फारशी लहान होत नाहीत. म्हणूनच वीतभर डाळिंबाच्या झाडाला मोठे फळ धरले, तर फांदीला आधार द्यावा लागतो.

मुळे कापण्याचे धैर्य

पुस्तकात वाचून जे जमत नाही, ते हे. तिसऱ्या रविवारी रोपवाटिकेतून आणलेले वडाचे रोप कुंडीतून काढून, माती झटकून, मुळांचा एकतृतीयांश भाग कातरीने कापण्यास सांगण्यात आले. कातरी हातात धरून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. एक झाड मारून आलेल्या माणसाला दुसऱ्याची मुळे कापणे सोपे नसते. शिक्षिकांनी हात धरून दाखविले. खाली सरळ जाणारी जाड मुळे कापावयाची आणि आडवी पसरणारी तंतुमुळे राखावयाची, कारण अन्नपाणी शोषण्याचे काम तीच करतात. जितकी मुळे काढली, त्या प्रमाणात पालवीही कमी करावयाची, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार पडत नाही.

कुंडीच्या तळाच्या छिद्रांवर जाळी बसविली जाते. छिद्रांतून तार ओवून झाड कुंडीला बांधले जाते, कारण हलत्या झाडाची नवी मुळे तुटतात. मातीचे मिश्रण आमच्या वर्गात असे होते: विटांचा चाळलेला चुरा दोन भाग, जाडी वाळू एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग. विटांची बारीक पूड चाळून टाकून द्यावयाची, अन्यथा ती तळाशी बसून पाण्याची वाट अडवते. पुनर्लावणीनंतर झाड दोन ते तीन आठवडे सावलीत ठेवावे आणि महिनाभर खत देऊ नये. वड, पिंपळ, उंबर या वर्गातील झाडांसाठी महाराष्ट्रात पावसाळ्याची सुरुवात हा काळ उत्तम. ही क्रिया दर दोन-तीन वर्षांनी करावी लागते.

आजींच्या चिंचेचे दुखणे येथेच सापडले. कुंडीतून काढले, तेव्हा मुळांचा घट्ट गोळा झालेला होता आणि पाणी आत शिरतच नव्हते. पाच-सहा वर्षांत कुंडी बदललेलीच नव्हती. आजींनी थरथरत्या हातांनी, पण स्वतःच, मुळे मोकळी केली.

तार आणि तिची मुदत

फांदीला वळण देण्यासाठी अॅल्युमिनियमची अथवा तांब्याची तार वापरतात. तारेची जाडी फांदीच्या सुमारे एकतृतीयांश असावी आणि ती ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळावी. वेढे फार जवळ आले तर साल दबते, फार दूर गेले तर फांदी वाकत नाही आणि वाकविताना मोडते. मोडण्यापूर्वी फांदी किंचित करकरते. तो आवाज ओळखणे हे ज्याचे त्याने शिकावे लागते. पहिल्या दिवशी आम्ही नऊ जणांनी मिळून चार फांद्या मोडल्या.

तार लावण्याइतकेच ती वेळेवर काढणे महत्त्वाचे. वडवर्गीय झाडे झपाट्याने वाढतात आणि काही आठवड्यांतच तार सालीत रुतू लागते. तिचे व्रण वर्षानुवर्षे राहतात. तार उलगडून काढण्याचा मोह टाळावा व पकडीने तुकडे करून काढावी.

पाणी किती, केव्हा?

सर्वाधिक बोन्साय पाण्यानेच मरतात, काही कमी पाण्याने आणि काही अधिक. ‘रोज अर्धा पेला’ हा माझा नियम दोन्ही बाजूंनी चुकीचा होता. वरची माती सदैव ओली राहिली आणि तळापर्यंत पाणी कधी पोहोचलेच नाही. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत खोचून थोड्या वेळाने काढून पाहावी. ती ओलसर असेल तर थांबावे. कोरडी असेल तर तळाच्या छिद्रांतून पाणी वाहू लागेपर्यंत झारीने सावकाश घालावे. बंगळूरुच्या सौम्य हवेत जे वेळापत्रक चालते, ते नागपूरच्या मे महिन्यात चालणार नाही, तेथे दिवसातून दोनदा पाणी लागू शकेल. कोकणातील आषाढात कदाचित एकदाही लागणार नाही. म्हणून घड्याळाकडे नव्हे, मातीकडे पाहावे.

बोन्साय ही घरात ठेवण्याची शोभेची वस्तू आहे, हा दुसरा गैरसमज. झाडाची जागा गच्ची, सज्जा किंवा उजेडाची खिडकी हीच. पाहुण्यांसाठी दोन दिवस दिवाणखान्यात आणावे आणि पुन्हा बाहेर न्यावे.

आपल्याकडील झाडे

जपानी पाईन वा मेपलच्या मागे लागण्याचे आपणास कारण नाही. वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, चिंच, बोगनवेल, डाळिंब, कुंती ही आपल्या हवेत रुळलेली झाडे नवशिक्यासाठी योग्य होत. जुन्या इमारतींच्या भिंतींत आणि पन्हाळीत उगवलेली वड-पिंपळाची रोपे दुरुस्तीच्या वेळी उपटून टाकली जातात. मालकाच्या परवानगीने ती आणता येतात. रानातील झाडे मात्र खणून आणू नयेत. वटपौर्णिमेला वडाच्या तोडलेल्या फांद्या बाजारात विकावयास येतात. घरी कुंडीत वड असेल तर त्या फांद्या घेण्याची वेळ येत नाही.

पाहून शिकण्याची संधीही आता पुष्कळ आहे. लालबागेत प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनानिमित्त भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांत बोन्साय मांडले जातात. म्हैसूरच्या अवधूत दत्त पीठाच्या आश्रमात मोठे बोन्साय उद्यान आहे. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘बोन्साय नमस्ते’ या नावाने आंतरराष्ट्रीय परिषद व भव्य प्रदर्शन झाले होते.

वर्ग निवडताना

बोन्साय शिकू इच्छिणाऱ्यांनी वर्गाची चौकशी करताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने मुळे कापावयास व तार लावावयास मिळते काय? विद्यार्थिसंख्या किती? वर्ग एका दिवसाचा आहे, की निदान एका पावसाळ्यातून आणि एका उन्हाळ्यातून झाड पाहावयास मिळेल? आणि वर्ग संपल्यावर आजारी झाड घेऊन परत येता येते काय? अवजारांवर आरंभीच खर्च करू नये. एक धारदार कातरी, तार कापण्याची पक्कड, चाळण आणि झारी एवढे पहिल्या वर्षी पुरते.

झाडाचा वारस

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाईन आहे. १६२५ पासून तो कुंडीत वाढतो आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे झाड स्फोटाच्या ठिकाणापासून सुमारे ३ किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत भिंतीच्या आडोशाला होते. ते वाचले. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी हे झाड अमेरिकेला भेट दिले. झाड हिरोशिमाच्या स्फोटातून वाचलेले आहे, हे तेथील लोकांना कळले ते २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते पाहावयास आले तेव्हा. जवळपास चारशे वर्षे कोणी ना कोणी या झाडाला पाणी घालीत आले आहे. असे झाड कोणा एकाच्या आयुष्यात मावत नाही. ते सांभाळून पुढे सोपवावे लागते.

बँकेत ठेव ठेवताना आपण नामनिर्देशन करतो. कुंडीतल्या झाडालाही ते हवे, हे आजींनी आम्हांला न बोलता शिकविले. चिंचेला दोन महिन्यांनी कोवळी पालवी फुटली, त्या रविवारी त्या नातवाला सोबत घेऊन आल्या. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आरंभी कंटाळला होता. आजींनी त्याच्या हाती उदबत्तीची काडी दिली आणि म्हणाल्या, ‘तूच बघून सांग, पाणी घालू की नको?’ पुढे तो दर रविवारी येऊ लागला.

माझा वडही सहा वर्षांचा झाला. प्रदर्शनात मांडावा असा तो नाही. एका फांदीवर उशिरा काढलेल्या तारेचा व्रण आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला पहिली पारंबी फुटली. शिक्षिकांनी सांगितल्याप्रमाणे पेय पिण्याची एक नळी तिच्याभोवती बसवून आत ओलावा राखला. यंदा ती मातीला टेकली. सकाळी फिरून आल्यावर तिच्याकडे पाहावे, काडी मातीत खोचावी आणि मगच झारी हातात घ्यावी, एवढाच आता नेम आहे.