स्थलांतराचा निर्णय मतपेटीत: स्वित्झर्लंडचा अनुभव

स्वित्झर्लंडमध्ये परदेशी लोकांना किती प्रमाणात येऊ द्यायचे, यावर मतदार थेट कौल देऊ शकतात. अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव सार्वमताला जातो. तो संमत व्हायला देशभरातील मतांचे आणि कँटनांचे, म्हणजे घटक राज्यांचे, असे दुहेरी बहुमत लागते.

जून १९७० मध्ये परदेशी रहिवाशांवर कडक मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आला. त्याचा मुख्य रोख इटालियन कामगारांवर होता. ५४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. हे मतदार सगळे पुरुषच, कारण स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मात्र स्थलांतरितांवर कोटा लावण्याचा प्रस्ताव ५०.३ टक्के मतांनी, जेमतेम तरला. इटलीला लागून असलेल्या टिचिनो कँटनात पाठिंबा ६८ टक्क्यांवर गेला. तिथे सीमेपलीकडून हजारो कामगार रोज ये-जा करतात. पगार घसरतील, रस्ते तुंबतील ही लोकांची धास्ती होती. परदेशी रहिवासी मोठ्या संख्येने असलेल्या झुरिक आणि जिनिव्हाने विरोधात मत दिले. तरीही टिचिनोतील ही धास्ती पाहता या कौलाला नुसता परकीयद्वेष म्हणणे अन्यायाचे ठरेल.

कोटा लावला असता, तर युरोपीय संघाशी झालेले करार धोक्यात आले असते. म्हणून संसदेने २०१६ मध्ये सौम्य कायदा केला: बेरोजगारी जास्त असलेल्या व्यवसायांतील रिक्त जागा आधी सरकारी रोजगार केंद्राला कळवायच्या. युरोपीय संघाशी असलेला लोकांच्या मुक्त संचाराचा करारच संपवू पाहणारा प्रस्ताव सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे ६२ टक्के मतदारांनी नाकारला.

लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असलेल्या परदेशी रहिवाशांना या राष्ट्रीय सार्वमतांत मताधिकार नाही.