जीभ नावाचं उपकरण: एका सोनेरी लागरची परीक्षा

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: तुमचं मोजमाप विश्वासार्ह आहे, हे कशावरून? पीएच मीटर असेल तर उत्तर सोपं आहे: कॅलिब्रेट केलं. पण उपकरण म्हणजे माणसाची जीभ असेल तर?

यासाठी आज जर्मन पद्धतीच्या सोनेरी लागरचं उदाहरण घेऊ. पुण्यात डूलालीने २००९ मध्ये स्वतः बनवलेली बिअर द्यायला सुरुवात केली आणि नंतर शहरात असे ब्रूपब वाढत गेले, त्यामुळे उदाहरण अगदीच परकं नाही. (महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे. न पिणाऱ्यांनी बिअरच्या जागी चहा धरून वाचावं, पद्धत तीच.)

हीच बिअर का? म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने १८९४ मध्ये ‘हेलेस’ आणली. हेल म्हणजे उजळ. फिकट माल्ट, बेताचे हॉप्स, थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट आणि नंतर काही आठवडे थंड साठवण. मिसळीत काही कमी-जास्त झालं तर तर्री सांभाळून घेते. वरण-भातात मीठ चिमूटभर जास्त पडलं तरी पहिल्या घासाला कळतं. हेलेस हा वरण-भात आहे. दोष लपवायला जागाच नाही.

आता पहिली पायरी: काय मोजायचं ते ठरवणं. ‘मला आवडली का’ आणि ‘ही हेलेस म्हणून कशी आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपीच्या गुणपत्रिकेत ५० गुण असतात: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण छाप १०. त्यांच्या वर्णनानुसार हेलेसमध्ये अल्कोहोल ४.७ ते ५.४ टक्के आणि कडवटपणा १६ ते २२ आयबीयू. जर्मन पिल्सनरचा कडवटपणा मात्र २२ ते ४०. म्हणजे एखादी कडवट बिअर कितीही छान असली, तरी हेलेस म्हणून आली तर तिचे गुण कापले जातात. व्याख्या आधी, मोजमाप नंतर.

दुसरी पायरी: शब्द. ‘काहीतरी विचित्र लागतंय’ यातून पुढे काहीच करता येत नाही. ‘उकडलेल्या कणसाचा वास येतोय’ म्हटलं की थेट कारणाकडे जाता येतं. तो वास डायमिथाइल सल्फाइडचा. त्याचं मूळ द्रव्य फिकट माल्टमध्ये असतं. उकळताना ते फुटतं आणि तयार झालेलं सल्फाइड वाफेबरोबर निघून जातं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं आणि ही क्रिया जरा मंदावते. उकळणं कमी पडलं की कणीस ग्लासात येतं. बटरस्कॉचसारखा वास आला तर डायअॅसिटिल: बहुधा यीस्टला ते परत शोषून घ्यायला वेळ दिला नाही, किंवा नळीत जीवाणू वाढलेत. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कच्ची असू शकते. ओला पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजन लागला. वास कारणाचा पुरावा नसतो, पण तपासता येईल असं गृहीतक नक्की देतो.

तिसरी पायरी: कॅलिब्रेशन. तुमचं कणीस आणि माझं कणीस एकच कशावरून? म्हणून प्रशिक्षणात चांगल्या बिअरमध्ये ठरावीक मात्रेत तो पदार्थ मिसळून सगळ्यांना देतात. नाव आणि वास यांची जोडी पक्की झाली की मगच खरे नमुने.

चौथी आणि सगळ्यात अवघड पायरी: स्वतःवर अविश्वास. मित्रांनी एकदा माझ्यासमोर तीन ग्लास ठेवले. दोन सारखे, एक वेगळा. मी छातीठोकपणे मधला उचलला. चुकलो. बाटल्या समोर असताना मात्र मी फरक तावातावाने समजावून सांगितला होता!

याच प्रकाराला त्रिकोण चाचणी म्हणतात. ती १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत घडली. ग्लासांवर नावं नाहीत, फक्त तीन आकडी क्रमांक. मांडणी यादृच्छिक. तापमान सारखं, पुण्याच्या एप्रिलमध्ये पहिला आणि शेवटचा ग्लास यांच्यातच पाच-सहा अंशांचा फरक पडू शकतो.

नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. १२ परीक्षक असतील तर सरासरी चौघं नशिबानेच बरोबर येतील. सात बरोबर आले तर? नशिबाने सात किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे ६.६ टक्के, म्हणजे ५ टक्क्यांच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर. आठ हवेत, तेव्हा ती १.९ टक्क्यांवर येते. आणि सातच आले म्हणून ‘दोन्ही बिअर सारख्याच’ असं लिहू नका. फरक दिसला नाही आणि फरक नाही, यात अंतर आहे. व्हायव्हामध्ये नेमकं इथेच पकडतात.

तुमच्या थीसिसमध्ये बहुतेक जी टी-टेस्ट येईल, तीसुद्धा गिनीज ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलावं, हा त्याचा रोजच्या कामातला प्रश्न होता.

या आठवड्यात घरी करून बघा: दोन कंपन्यांचा चहा, तीन कप, क्रमांक दुसऱ्याने टाकायचे. आपला ब्रँड हमखास ओळखणाऱ्या मंडळींना आधी बसवा. आणि स्वतःलाही.