हात बसलाय, पण ड्रॉइंग?

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. मुलांचा हात बऱ्यापैकी बसतो, तरी चिकलठाणा एमआयडीसीत ट्रायल देऊन काही जण परत येतात. का? आम्ही विचारलं. एक जण म्हणाला, "सर, जॉब मारला असता, ड्रॉइंगवरची खूणच कळली नाही."

अमेरिकन पद्धतीच्या ड्रॉइंगमध्ये आडव्या रेघेखाली त्रिकोण असेल तर फिलेट वेल्ड बाणाच्या बाजूला, रेघेवर असेल तर पलीकडच्या बाजूला. शेजारचा आकडा वेल्डची साइज. एवढं चुकलं की वेल्ड ग्राइंडरने काढून पुन्हा मारायचा. ७०१८ चा रॉडही उघडा ठेवून चालत नाही. ओल धरली की हायड्रोजनमुळे जॉबला नंतर तडा जाऊ शकतो. समजलं नाही तर सुपरवायझरला विचारायचं, यात कमीपणा कसला? आमची मुलं इथेच गप्प राहतात.

गल्लीतल्या ग्रिलच्या दुकानात पैसे लगेच मिळतात, म्हणून घरचे अप्रेंटिसशिप नको म्हणतात. १९६१ च्या कायद्याने तिथेही स्टायपेंड मिळतो, आणि कारखान्याचं ड्रॉइंग रोज हातात येतं. अब्बांनी एवढं वर्ष कळ काढावी, असं आम्हाला वाटतं. सौदीला जायचं म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच. पाइपच्या कामाला तिकडे ६जी टेस्ट मागतात, म्हणजे ४५ अंशांत तिरपा बांधलेला पाइप, जो फिरवता येत नाही.