वाफशाचे गणित

वैशाखात मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या काळ्या रानांत हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचे पहिले पाणी त्यांतून सरळ खाली उतरते. माती भिजून फुगली आणि भेगा मिटल्या, की हीच जमीन तासाला जेमतेम १ ते ५ मिलिमीटर पाणी आत घेते. वाळूसर जमिनीत हा वेग ३० मिलिमीटरच्याही पुढे असतो. पंप, पाइप, ठिबक, तुषार ही साधने पाणी शेतापर्यंत आणून देतात. त्यातले किती मुरेल आणि पिकाला किती मिळेल, हे मात्र माती ठरवते.

भरपूर पाणी दिल्यावर मातीतली सगळी पोकळी भरते आणि मुळांना हवा उरत नाही. जास्तीचे पाणी स्वतःच्या वजनाने खाली निघून जाते. हलक्या जमिनीत एखाद्या दिवसात, भारी जमिनीत दोन-तीन दिवसांत. मागे कणांना धरून राहिलेली ओल आणि पोकळीत परतलेली हवा, हा वाफसा. पिकाची खरी वाढ याच अवस्थेत होते. पुढे ओल घटत जाते तशी माती ती अधिकाधिक घट्ट धरते आणि सुमारे १५ बार ताणाला बहुतेक पिके कायमची कोमेजतात. तेव्हाही मातीत पाणी असतेच. पीक कोमेजलेल्या चिकण जमिनीत नुकत्याच वाफशावर आलेल्या वाळूपेक्षा जास्त पाणी असू शकते.

याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा तरी मांडावा. भारी काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असे साधारण १८० मिलिमीटर पाणी साठवते. मुळे ६० सेंटिमीटर खोल असतील, तर त्यांच्या वाट्याला १०८ मिलिमीटर येते. त्यातले निम्मे संपले की पुन्हा पाणी द्यायचे, म्हणजे हाती ५४ मिलिमीटर. पीक रोज ५ मिलिमीटर वापरत असेल, तर पाळी दहा-अकरा दिवसांनी येते. मुरमावरच्या वीतभर-दीड वीत मातीत हाच हिशेब दोन-तीन दिवसांवर येतो. एका गावात, एकाच पिकाला, शेजारच्या बांधापलीकडे पाळी एवढी बदलते!

प्रत्यक्षात पाळी पुष्कळदा विजेच्या वेळापत्रकावर ठरते. कित्येक ठिकाणी थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वीज येताच ऑटो स्टार्टरने मोटर सुरू होते आणि अंधारात दारे धरायला कोणी नसले, तर पाणी सरीच्या टोकाशी तुंबून राहते. थंडीत, विंचूकाट्यात रात्रभर बारे देणाऱ्या माणसाला नेमके मोजून पाणी दे असे सांगणे सोपे आहे. त्याला दिवसा वीज देणे हा पाणी वाचवण्याचाच उपाय आहे.

जादा पाण्याची किंमत नीरेच्या खोऱ्याने फार पूर्वी मोजली. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, ऊस वाढला, भूजल क्षार घेऊन वर आले आणि पंचवीस वर्षांतच क्षारपड जमिनींचा अभ्यास करण्याची वेळ आली. शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांचे त्यावरचे काम १९१० मधले आहे. तरीही सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसपट्ट्यात तेच दुखणे पुन्हा उद्भवले. तिथे आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून पाणी बाहेर काढावे लागते. पाणी आणण्याचा खर्च झाला, वर ते घालवण्याचा!

ठिबकचा आधुनिक व्यवसाय १९६५ मध्ये इस्रायलच्या हात्झेरिम किबुत्झमधून, सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर उभा राहिला. महाराष्ट्रात त्याच्या प्रसाराशी जळगाव आणि भवरलाल जैन यांची नावे कायमची जोडली गेली. साधारण एक किलो दाबावर तोटीतून तासाला २ किंवा ४ लिटर पाणी ठिबकते. हलक्या जमिनीत ते सरळ खाली जाते, म्हणून तोट्या जवळजवळ हव्यात. काळ्या जमिनीत ते आडवे पसरते, तिथे अंतर वाढवता येते. संच घेताना नळीच्या जाडीची आणि अनुदानाची चौकशी होते, मातीच्या खोलीची क्वचितच. नंतर फिल्टर धुवायचा राहतो, क्षारांसाठी आम्लप्रक्रिया होत नाही, तोट्या बुजतात आणि दोष ठिबकला लागतो.

ओल मोजायला टेन्शिओमीटर हे साधे, विश्वासार्ह साधन आहे: पाण्याने भरलेली नळी, टोकाला सच्छिद्र चिनीमातीचा कप, वर ताण दाखवणारी तबकडी. काटा शून्यावर असला, तर जमीन पाण्याने भरलेली आहे. ८० सेंटिबारच्या पुढे नळीत हवा शिरते आणि काट्यावर भरवसा राहत नाही. हलक्या जमिनीतले कामाचे बहुतेक पाणी या मर्यादेच्या आतच संपते. भारी जमिनीत बरेचसे त्यापलीकडे असते. तिथे मुळांच्या खोलीपर्यंत खोदून मूठभर माती दाबून पाहावी. गोळा झाला आणि तळव्याला माती चिकटली नाही, तर वाफसा आहे, मोटर बंदच ठेवावी. दाबूनही भुगाच होत असेल, तर पाळी चुकली आहे.