चाकांवरचे घर भाड्याने घेताना

गाडीत संसार घालून बाहेर पडणे आपल्याला नवे नाही. जत्रेला निघताना बैलगाडीवर तट्ट्याचे छप्पर बांधायचे, तळाशी कडबा, त्यावर घोंगडी, मागच्या बाजूला पीठ-मीठ, कंदील आणि पाण्याची घागर. मुक्काम पडला की बैल सोडायचे आणि तीन दगडांची चूल मांडायची. तीच तऱ्हा आता मोटारीवर आली आहे. तिला कुणी कॅम्परव्हॅन म्हणतात, कुणी कॅराव्हॅन. पुण्या-मुंबईत ती भाड्याने मिळते. शहरात नोकरीला असलेला आपला मुलगा किंवा भाचा उद्या म्हणेल, “या सुट्टीत सगळे मिळून जाऊ, आजीलाही नेऊ.” म्हातारे माणूस आणि बायकामुले यांची प्रवासातली मोठी अडचण शौचालयाची. ती या गाडीत बरीचशी सुटते. म्हणून बेत वाईट नाही, पण माहिती घेऊन करावा.

गाडीत काय असते?

आपल्याकडे अशा पुष्कळ गाड्या टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या वाहनात फेरफार करून बांधलेल्या असतात. दिवसा बसायची बाके रात्री जोडली की पलंग होतो. लहानसा ओटा, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि काहींत शौचालय असते. दिवे आणि पंखे वेगळ्या बॅटरीवर चालतात. वातानुकूलन मात्र बहुधा बाहेरची वीज किंवा जनरेटर असेल तरच रात्रभर चालते. निजायची सोय किती जणांची आणि बसायची किती जणांची, हे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही विचारा.

भाडे ठरवताना

प्रथम नंबराची पाटी पाहा. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीला पिवळी पाटी असते. स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देणे कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडतात. स्वस्त पडते म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका.

मग सगळा खर्च कागदावर लिहून घ्या. दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत, जादा किलोमीटरला काय पडेल, डिझेल आणि टोल कुणाचा, चालकाचा भत्ता आणि त्याच्या निजण्याची सोय, अनामत किती आणि ती कधी परत मिळणार, हे आधीच ठरवा. बेरीज करून माणशी खर्च काढा. जीप करून एखाद्या कृषी पर्यटन केंद्रात राहणे स्वस्त पडत असेल, तर तसेच करावे. हौस करावी, पण पेरणीच्या पैशाला हात लावून करू नये.

कुठे जावे?

पुण्याहून पहिल्याच खेपेला जायचे तर भिगवण बरे. सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर, घाट जवळजवळ नाहीच, त्यामुळे मोठ्या गाडीला सोयीचे. उजनी धरणात पाणी अडले आणि भीमाकाठची कित्येक गावे व जमिनी बुडाल्या. त्या पाण्याच्या काठी आज कुंभारगाव, डिकसळ भागातले मच्छीमार आपल्या होड्यांतून लोकांना पक्षी दाखवतात. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब दिसतात. चक्रवाक असतात, चमच्यासारख्या चोचीचे पक्षी असतात. पहाटे होडीत बसावे. नावाड्याला पक्ष्यांच्या अगदी जवळ न्यायचा आग्रह करू नये. थवा उठला की त्याचे चरणे मोडते.

कासचे पठार साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. २०१२ साली सह्याद्रीतल्या ज्या जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांत हे पठार आहे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचा बहर असतो. रोज किती माणसे सोडायची याला मर्यादा आहे, म्हणून नोंदणी आधी करावी. रस्ता घाटाचा आहे. सुट्टीच्या दिवशी लांब-रुंद गाडीची फार अडचण होते, तेव्हा आठवड्याच्या मधला दिवस गाठावा.

भंडारदऱ्याला मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. ते चमकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते. मोटारीच्या झोतात ती खूण दिसेनाशी होते आणि पुढची पिढी घटते. हा भाग अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या वेळा आणि नियम पाळावेत, गाडी गावातच लावावी आणि काजवे पाहायला पायी जावे.

मुक्काम कसा करावा?

घर भाड्याचे असले तरी त्याच्या चाकाखालची जमीन कुणाची तरी असते. मोकळे दिसले म्हणून कुणाच्या रानात गाडी घालू नका. पडीक दिसणारे रान गुरांच्या चराईचे असेल, कोपऱ्यात खळे करायचे असेल. गावात जाऊन “दादा, रात्रभर गाडी लावू का?” असे विचारावे आणि काय द्यायचे तेही ठरवावे. नदीच्या पात्रात किंवा धरणाच्या काठाला मुक्काम करू नये. वर पाऊस झाला तर पाणी रात्रीतून चढते.

गाडी मुरमाड, सपाट जागी लावा. काळ्या जमिनीत एक सर आली की चाक रुतलेच. गाडी उंच असते, म्हणून पाणंदीवरून जाताना विजेच्या लोंबत्या तारा आणि फांद्या पाहा. स्वयंपाक करताना दार-खिडकी उघडी ठेवा आणि गाडी हलण्यापूर्वी गॅस बंद करा. खाली उतरताना विजेरी हातात असू द्या, कारण गाडीखाली जनावर असू शकते.

सांडपाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा पाटात सोडू नये. शौचालयाच्या टाकीत घातलेले औषध तर जपून हाताळावे. जंतू मारणारे हे औषध गोबरगॅसच्या टाकीत गेले, तर गॅस तयार करणारे जिवाणूही मरतात. ती टाकी कुठे आणि कशी रिकामी करायची, हे गाडीमालकाकडूनच समजून घ्या.

आणि गाडी आपल्या बांधावर आली तर?

आता दुसरी बाजू. फ्रान्समध्ये १९९३ पासून शेतकऱ्यांची अशी एक योजना चालते. गाडी एक रात्र फुकट लावू द्यायची आणि पाहुण्यांनी आवडले तर घरचे चीज, मध, द्राक्षांची दारू विकत घ्यायची. महाराष्ट्रातही २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले. ज्यांची शेती अशा वाटेवर आहे, त्यांनी तालुक्याला किंवा पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करावी. मुरमाची जागा, पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि स्वच्छ शौचालय एवढ्यावरही सुरुवात करता येते. गूळ, हुरडा, तांदूळ, भाजीला बांधावरच गिऱ्हाईक मिळते.

मात्र घरात बसून एक गोष्ट आधी ठरवा. पाहुणे आले की भाकरी कोण थापणार आणि त्या भाकरीचे पैसे कुणाच्या हातात पडणार? रानातून थकून आलेल्या बाईने रात्री दहा माणसांचा स्वयंपाक करायचा आणि जागेचे भाडे तेवढे धन्याने मोजायचे, असा हिशेब असेल तर तो धंदा घराला लाभणार नाही. जागेचा दर वेगळा, जेवणाचा दर वेगळा आणि जेवणाचे पैसे जिने रांधले तिचे, असे पहिल्याच दिवशी बोलून ठेवावे.

एकदा आपण स्वतः अशा गाडीतून फिरून आलो, की पाहुण्यांना काय लागते ते कळते. आणि आपल्या बांधावर गाडी कशी उभी राहावी असे आपल्याला वाटते, तशीच आपली गाडी दुसऱ्याच्या बांधावर उभी करावी.