आग रामेश्वरी, बंबही रामेश्वरीच

साठी उलटली की दात हलावयाचेच, ही घरोघरची समजूत आम्हीही निमूटपणे मानली. हिरड्या सुजत, दात घासताना रक्त येई; आम्ही मिठाच्या गुळण्या करून स्वस्थ बसत असू. परिणामी दोन दाढा गमावल्या. अखेर सूनबाईंच्या आग्रहास्तव वर्ध्यातील एका दंतवैद्यांकडे गेलो, तेव्हा कळले की हा दोष वयाचा नसून हिरड्यांच्या दाहाचा होय.

निरोगी हिरडी व दात यांमधील फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. किटण साचून दाह झाला की ती ५ मिलिमीटर वा अधिक खोल होते, आत जंतू वस्ती करतात आणि दाताभोवतीचे हाड झिजू लागते. गुळणीचे पाणी तेथे पोहोचत नाही. पोटात घेतलेली गोळी सर्वांगात फिरते, व तिचा अल्पांशच तेथवर येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार!

१९७९ साली अमेरिकेत गुडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेट्रासायक्लिन भरलेले पोकळ तंतू थेट या फटीत ठेवून पाहिले. पुढे कृत्रिम बहुवारिकाचे तंतू निघाले. परंतु ते दहा दिवसांनी काढून घ्यावे लागत. त्यानंतर आपोआप विरणारे सूक्ष्म गोलक आले. बहुवारिक म्हणजे लहान रेणू मण्यांप्रमाणे ओवून केलेली लांब माळ. या गोलकांतील मणी दोन आम्लांचे: एक ग्लायकोलिक, दुसरे लॅक्टिक, म्हणजे दह्यास आंबट करणारेच. फटीतील ओलाव्याने माळ तुटत जाते, आत कोंडलेले मिनोसायक्लिन हळूहळू सुटते, आणि उरलेल्या आम्लांचे शरीरात अखेर पाणी व कर्बवायू होतात. एका फटीस अवघे १ मिलिग्रॅम औषध पुरते.

व्रणापाशीच औषध ठेवण्याची कल्पना आपणांस परकी नाही. सुश्रुताने नाडीव्रणावर क्षारसूत्र सांगितलेच आहे. नवे ते एवढेच की येथे सूत्र औषध बेताबेताने देते आणि स्वतः नाहीसे होते.

मात्र ही पुरवणी होय. किटण खरवडून काढणे हे मुख्य कर्म; औषधाने त्यात पडणारी भर माफकच असते. गर्भवतीस हे औषध वर्ज्य. तंबाखू सुटली नाही व मधुमेह आवरला नाही, तर कोणताही उपचार लंगडाच पडतो.

आमच्या जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथे दंतमहाविद्यालय आहे. हिरड्यांची तपासणी करून घेण्यास दूर जावयास नको. तेव्हा घरात कोणाच्या हिरडीतून रक्त येत असेल, तर ते वयाच्या माथी मारू नये. दाह आवरता येतो. गेलेली दाढ मात्र परत येत नाही.